कथलाचा म्हणून घेतलेला चंबू

आमच्या वेलचेरीच्या बिल्डिंगमध्ये कुणी शिंकलं की रामरावमामा दारात हजर. हातात साराचा डबा. "बोलणं नक्को. प्या." डबा रिकामा होईपर्यंत माणूस जागचा हलत नसे. माझा पाय मुरगळला तेव्हाही त्यांनी मला सारच पाजलं.

मामा मूळचे तंजावरकडचे मराठी. बँकेतून रिटायर झालेले, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मी सोलापूरची, पेरुंगुडीला आयटीत. मराठी बोलणारी शेजारीण मिळाली म्हणून त्यांनी मला भाचीच करून टाकलं, म्हणजे टोमणे मारायला मोकळे. हाक मात्र इथल्या पद्धतीची, 'अम्मा'. सार ते फक्त कथलाच्या चंबूत करत. इथे तमिळमध्ये त्याला ईयचोंबू म्हणतात. कथील पटकन वितळतं, म्हणून आधी पाणी, मग गॅस. "स्टीलमध्ये करतात ते सार नव्हे, अम्मा, कढत पाणी."

मग मामांचं पोट दुखायला लागलं. उपाय म्हणून त्यांनी सार वाढवलं. चेहरा पांढराफटक, पोट साफ होईना, शेवटी मनगटच लुळं पडलं आणि हातातून पळी सुटली. तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं. कथलाचा म्हणून घेतलेल्या चंबूत शिसं मिसळलेलं होतं. माझंही रक्त तपासलं, तर थोडं माझ्यातही सापडलं. घ्या, शेजारधर्म!

चंबू आजच टाकून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांनी मान डोलावली. शिसं बाहेर काढणाऱ्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्यांना कुजक्या अंड्यांचा वास. जन्मात अंड्याला न शिवलेले मामा नाक दाबून गिळत. तरी पुढच्या तपासणीत शिसं होतं तेवढंच. माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर गॅसवर तोच चंबू, सार उकळतंय!

"अहो मामा, मरायचंय का तुम्हाला?"

मामांनी गॅस बंद केला.

"तिचा चंबू खरा होता. ती गेल्यावर पहिल्यांदा सार करायला गेलो आणि रिकामाच गॅसवर ठेवला. पाघळला. मग हा आणला. ह्यातलं सार किंचित गोडसर यायचं. अगदी तिचं. मुलीला फोन करून सांगितलं, माझ्या हाताला तुझ्या आईची चव आली म्हणून." त्यांनी पळी खाली ठेवली. "डॉक्टर म्हणतो, शिशानं आंबटाला गोडी येते. म्हणजे ती नव्हती, अम्मा. शिसं होतं."

मला रडूच आलं. सार सिंकमध्ये ओतलं, चंबू विसळला आणि "हा मी नेते" म्हटलं. मी दारापर्यंत पोचले, तोच मागून हाक आली.

"थांब. भांडं रिकामं देऊ नये."

आणि त्यांनी चंबूत चिमूटभर साखर घातली.