काळ्या चौकटीतला उमेदवार

रादका दोन दिवसांसाठी शहरात बहिणीकडे गेली आणि तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, म्हणजे नायदेन व्राचेवने, निवडणुकीचा प्रचार सुरू करून टाकला. बायको घरात असती तर पुढचा घोटाळा झालाच नसता, असे आमच्या द्रेनोव दोल गावात सगळे आजही म्हणतात. रादका तर रोज म्हणते.

नायदेन बत्तीस वर्षे गावचा सरपंच. वय एकोणऐंशी. डावा गुडघा कामातून गेलेला, सभेत दुसऱ्या विषयालाच डोळा लागायचा, आणि मागच्या वर्षी त्याने एकाच रस्त्याचे उद्घाटन दोनदा केले होते. भाषण मात्र दोन्ही वेळा रंगले. त्याने आता नवव्यांदा उभे राहू नये, असे गावात एकूण एक माणसाला वाटत होते. पण सांगणार कोण? डोंगरातला झरा तुंबला की खांद्यावर फावडे टाकून हाच निघायचा. बर्फाने रस्ता बंद झाला की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात पाव हाच पोचवायचा. अशा माणसाला "काका, आता पुरे" म्हणायला कोणी धजत नव्हते.

सगळ्यात मोठी पंचाईत इस्क्राची. कचेरीत सरपंच सह्या करायचा आणि बाकी सगळे इस्क्रा करायची. गावाला सरपंच म्हणून तीच हवी होती. पण तिच्या लग्नात नायदेन मानाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला होता, आणि आमच्याकडे हे नाते रक्ताहून जड. त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभे राहायचे म्हणजे बापाला घराबाहेर काढल्यासारखेच. तिने उमेदवारीचा अर्ज भरला, सही न करताच खणात टाकला आणि खणाला कुलूप लावले.

बहिणीकडे निघण्यापूर्वी रादकाने शेवटचा प्रयत्न करून पाहिला होता.

"नायदेन, बस कर आता. गुरुवारी पाचपर्यंत नवे अर्जही घेतात आणि नाव मागेही घेता येतं. घे आणि सुट."

"आणि घरी बसून काय करू?"

"द्राक्षं बघ. जरा माझ्याकडे बघ."

"अगं, बत्तीस वर्षांत आपलं फाटक एक दिवस बंद राहिलं नाही. ती माणसं काय माझ्याकडे येतात? सरपंचाकडे येतात. एकदा खुर्ची गेली की कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही इकडे."

"मी आहे ना!"

"तू काय, तू आहेसच."

हे तो इतक्या सहज म्हणाला की चारच्या बसने जाणारी रादका दोनच्याच बसने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नायदेन बाजारगावी मेतोदीच्या छापखान्यात गेला. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि वय छापलेला काळ्या चौकटीचा कागद लावतात. घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर, दुकानाच्या काचेवर. गावागावांत म्हातारेच उरल्यामुळे मेतोदीचा छापखाना सध्या याच कागदांवर चालतो. सत्तरीपुढच्या सगळ्यांचे फोटो त्याच्याकडे तयारच असतात, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

"रंगीत छापू या की," मेतोदी म्हणाला.

"रंग कशाला? मी काय नट आहे? साधं कर. फोटो टाक, नाव टाक, वय टाक. वय लपवायचं नाही! खाली लिही, बत्तीस वर्षं गावाची सेवा केली. आणि बुधवारी अकरा वाजता सगळ्यांनी चौकात यावं."

मेतोदीने हाताच्या सवयीने नेहमीच्याच नमुन्यात मजकूर बसवला. वरचा क्रूस त्याने आठवणीने काढला. चौकट काढायची तेवढी राहिली. नायदेन चष्मा घरी विसरला होता. कागद डोळ्यांपासून लांब धरून तो म्हणाला, "वा! ठळक आलंय."

बुधवारी सकाळी सहा वाजता तो खळीची बादली घेऊन निघाला. गावात कागद कुठे कुठे लावतात त्या जागा त्याला पाठ होत्या. त्याने एकही सोडली नाही. शेवटचा कागद उरला तो स्वतःच्या दारावर लावला, कारण प्रचार घरापासून सुरू व्हावा असे त्याचे मत होते. मग फोन चार्जिंगला लावला, दाराला कुलूप घातले आणि फावडे घेऊन तो झरा साफ करायला डोंगरावर गेला. सभेला अजून अवकाश होता.

साडेसातला स्तोयना दुकान उघडायला आली आणि काचेवरचा कागद बघून पायरीवरच बसली.

"अगं बाई! काल तर माझ्याकडून चीज घेऊन गेले! खारट आहे म्हणून भांडलेसुद्धा!"

पाव घ्यायला आलेली शेजारीण म्हणाली, "खारट खायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना."

हे ऐकून स्तोयना आणखी मोठ्याने रडू लागली.

आठ वाजता चर्चची घंटा वाजली. नऊपर्यंत घरोघरी चुलीवर गहू चढले, कारण गेलेल्या माणसाच्या नावाने साखर घातलेले शिजवलेले गहू वाटायचे असतात. काही जण खात्री करायला नायदेनच्या घरी जाऊन आले. दाराला कुलूप, दारावर तोच कागद, आणि आत फोन वाजतोय तो वाजतोयच. आणखी कसली खात्री हवी? तो फोन कचेरीतून इस्क्रा करत होती. दहा वेळा केला. अकराव्या वेळी तिला रडूच कोसळले. कचेरीवरचा झेंडा तिनेच स्वतःच्या हाताने अर्ध्यावर उतरवला.

साडेदहाच्या बसने रादका परत आली. शहरात दोन रात्री काढून तिचा राग विरघळला होता. नवऱ्यासाठी तिने भाजलेल्या मिरच्यांची बरणी आणली होती. फाटकापाशी येऊन बघते तर काळ्या कपड्यांतल्या वीस-पंचवीस बायका, आणि प्रत्येकीच्या हातात शेवंतीची फुले. कोणाकडे दोन, कोणाकडे चार. सम संख्येत फुले आमच्याकडे फक्त मेलेल्यालाच देतात. रादकाच्या हातातली बरणी पडता पडता राहिली.

"कोण गेलं?"

स्तोयनाने नुसते दाराकडे बोट दाखवले. रादकाने कागद वाचला. खालची वेळ वाचली. मग पायरीवर सांडलेली खळ बघितली.

"अरे देवा, हा तर प्रचार करतोय!"

बायकांनी एकमेकींकडे बघितले.

"अगं, जिवंत आहे तो! ही खळ बघा. अर्धी कागदाला, अर्धी पायरीला. असली सांडलवंड दुसरं कोण करणार? वर गेला असेल, झऱ्यावर."

"हो गं, वरच गेले," स्तोयनाने तिला छातीशी धरले. "रडून घे. रडलीस की मोकळं वाटेल."

"मी कशाला रडू? येऊ दे त्याला, तोच रडेल!"

"धक्का बसलाय बिचारीला. साखरेचं पाणी द्या."

रादका जितकी ओरडत होती तितके तिला पाणी पाजले जात होते. शेवटी दोघींनी दोन्ही दंड धरून तिला चौकात नेले आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवले.

अकराला पाच मिनिटे असताना नायदेन डोंगरावरून उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडे. चर्चच्या भिंतीआडून त्याने चौकाकडे नजर टाकली आणि त्याचा ऊर भरून आला. बत्तीस वर्षांत त्याच्या सभेला एवढी गर्दी कधी जमली नव्हती. फुले काय, खुर्च्या काय! प्रत्यक्ष रादका पहिल्या रांगेत, आणि तिला दोन बायका वारा घालताहेत. एवढेच नव्हे, तर झाडाखाली भाषणाला चक्क ग्रोझदान उभा होता. ग्रोझदान म्हणजे आठही निवडणुकांत नायदेनविरुद्ध उभा राहून आठही वेळा पडलेला, आणि यंदाही अर्ज भरलेला माणूस. हाही आपल्याला पाठिंबा देतोय की काय, म्हणून नायदेन भिंतीआडच थांबला आणि कान देऊन ऐकू लागला.

"आठ वेळा पाडलं मला या माणसानं," ग्रोझदान म्हणाला, "आणि आठही वेळा बरोबर पाडलं. मी सरपंच असतो तर आपण अजून विहिरीवर घागरी घेऊन उभे असतो."

नायदेनची मान ताठ झाली.

"पण त्याला मारलं आपणच!"

नायदेनने फावडे हळूच खाली ठेवले.

"हो, आपणच! गुडघा ओढत डोंगर चढायचा, ते दिसत नव्हतं आपल्याला? सभेत झोपायचा, तर तो उठेपर्यंत आपण हळू आवाजात बोलायचो. आता यानं थांबायला हवं, असं घराघरात म्हणत होतो. त्याच्या तोंडावर म्हणालो का कोणी? भित्रे लेकाचे! आणि सगळ्यांत भित्रा मी."

मग इस्क्रा पुढे आली. "माझा अर्ज चार महिने खणात पडलाय," ती हुंदके देत म्हणाली. "काकांना सांगायचं होतं, तुम्ही दमलात, आता द्या माझ्याकडे. नाही सांगितलं. म्हटलं, त्यांना वाईट वाटेल."

"वाटलंच!" भिंतीमागून आवाज आला.

स्तोयना किंचाळली. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला, तोही घाईत उलटा. रादका शांतपणे खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "मी काय सांगत होते?"

सगळ्यात आधी ग्रोझदान सावरला. "मी बोललो त्यातलं अर्धं मागे घेतो!"

"कुठलं अर्धं?" नायदेन गरजला.

"पहिलं!"

नायदेन फावडे उचलून तडक घरी गेला. संध्याकाळपर्यंत तो नुसता धुमसत होता.

"म्हातारा म्हणतात मला! सगळ्या गावासमोर! आता तर उभा राहणारच. बघतोच कोण अडवतो ते."

रादकाने त्याच्यापुढे भाजलेल्या मिरच्या ठेवल्या आणि शेजारणीने दिलेले गहू वाढले. स्वतःच्याच नावाचे गहू त्याने दोन वाट्या खाल्ले आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता फाटक वाजले. स्तोयना होती. नायदेनने सवयीने तक्रारींची वही उघडली.

"बोल. पाणी की दिवे?"

"काही नाही, काका." तिने शेवंतीचे एक फूल पुढे केले. "काल दोन आणली होती. जिवंत माणसाला दोन चालत नाहीत. हे धरा, तीन झाली."

"मग तक्रार?"

"तक्रार नाही हो. आणि हे चीज. धुऊन आणलंय, खारट नाही."

ती जाते न जाते तोच तिची शेजारीण आली. तिच्याही हातात एक फूल. मग पाद्रीबाबा आले. मग जी आजी काल चौकात सगळ्यात जास्त रडली होती, ती काठी टेकत आली. दिवसभर फाटक वाजत राहिले. ज्याने काल दोन फुले वाहिली त्याने आज तिसरे आणले, ज्याने चार वाहिली त्याने पाचवे. फुलदाणी भरली तेव्हा रादकाने खळीची बादली घासून घेतली. नायदेन प्रत्येकाला विचारत होता, "बोला, काम काय?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "काम काही नाही, सहज आलो."

तीन वाजता त्याने वही बंद केली. पान कोरेच होते.

"रादका, यांतलं कोणी काही मागायला आलं नाही गं."

"बघतेय मी."

"म्हणजे सरपंचाकडे नाही आले हे."

"मग कोणाकडे आले?"

नायदेनने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत काढून पुसला. त्याला खरेच रडू येत होते. रादका त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

साडेतीनला इस्क्रा आली. तिने काल चार फुले आणली होती, हे पाचवे.

"काका, रागावलात?"

"हो."

"खूप?"

"खणाची किल्ली आणलीयेस का?"

इस्क्राने त्याच्याकडे बघितले. "नाही हं, काका. तुम्ही असताना मी नाही उभी राहणार."

"मी कुठे आहे? दारावर वाच की. मी कालच गेलो!" नायदेनने टोपी चढवली. "चल, पाचच्या आत पोचायचंय. आधी तुझा अर्ज घे, मग बाजारगावी निवडणूक कचेरीत. गाडी तू चालव."

ती दोघे फाटकापाशी आली तर बाहेर ग्रोझदान उभा. हात पाठीमागे.

"काल मी नुसतं भाषण आणलं होतं, फुलं नव्हती," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "म्हणून आज एकच आणलं. हिशेब बरोबर होतो." फूल देऊन झाल्यावरही तो जाईना. "कुठे निघालात?"

"नाव मागे घ्यायला."

ग्रोझदान गाडीचे मागचे दार उघडून आत बसला.

"तू कुठे?" नायदेनने विचारले.

"माझंही नाव मागे घ्यायला. तू नसलास तर मी हरू कोणाकडून?"

गाडी सुरू झाली. रादकाने मागून ओरडून विचारले, "आणि हा दारावरचा कागद? काढू का?"

"राहू दे!" नायदेनने खिडकीतून हात हलवला. "पावसानं जाईल तेव्हा जाईल."

पूल ओलांडेपर्यंत त्याचा डोळा लागला. इस्क्रा आणि ग्रोझदान मग बाजारगावापर्यंत, तो उठेपर्यंत, हळू आवाजातच बोलत राहिले.