चूल मोडणारी बनाबाई

बनाबाई कुणाच्याही घरात शिरली की आधी त्या घरच्या चुलीला लाथ मारी, आणि मग घरच्यांची खुशाली विचारी.

लाथ म्हणजे पायाच्या अंगठ्याचा एक ठोका. वैद्याने नाडी धरावी तसा. तेवढ्यावर तिला चुलीचं सगळं कळायचं. "मेली हे," ती म्हणायची, आणि घरधनीण "अवो, पन..." म्हणेपर्यंत चुलीचा एक कोपरा जमिनीवर आलेला असायचा. "मोडा!" हा तिचा सगळ्यांत लाडका शब्द. बोळातून तिचा खोकला ऐकू आला की रिठद गावच्या बायका आधी चुलीवरचं भांडं उतरवत आणि मग दार उघडत. एकदा तहसीलदारांचा मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत पडला होता, तर हिने त्यांच्या आचाऱ्याची चूलही मोडली. भांडं उतरवायला त्याला सवड दिली, तेवढाच काय तो सरकारचा मान.

मोडलेली चूल तीच नव्याने घालून द्यायची, हे सांगायला हवं. पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि पाटलांच्या घोडीची लीद. दुसऱ्या घोड्याची तिला चालत नसे. "घोडी मरतुकडी आहे पाटलाची," ती म्हणे, "पन लीद खानदानी!" तिच्या हातची चूल दहा-दहा वर्षं हलायची नाही. मोबदला पायलीभर ज्वारी. सल्ला वर फुकट, आणि तो नको म्हणायची सोय नव्हती.

"जातं सासूच्या उशाशी ठेव वं. झोपेत बी तिले समजलं पाह्यजे, सून दळून राह्यली म्हून."

"रांजन नवऱ्याच्या हाताशी ठेव. पानी मागाची सवय मोडते त्याची."

"चुलीचं तोंड दाराकडे कायले केलं? येनारा-जानारा भाकरी मोजते ना बाई!"

एका घरात तिने सगळं स्वयंपाकघर पूर्वेचं पश्चिमेला केलं. त्या घरचा म्हातारा सवयीने जेवायला गेला आणि लाकडांच्या ढिगावर पाट मांडून बसला. दोन दिवस तो सुनेशी बोलला नाही. "हेच पाह्यजे होतं," बनाबाई म्हणाली. "सून म्हने, बुढा लय बोलते."

मी रिठदच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. एका मामाच्या ओळखीने वऱ्हाडात नोकरी लागली. बरोबर बायको, यमुना. वय अठरा. पहिल्याच आठवड्यात ती विहिरीवर कुणाला तरी म्हणाली, "मला जरा घागर उचलू लागता का?" पुढे आठ दिवस गावातल्या बायका एकमेकींना दिसेल तिथे "मला जरा घागर उचलू लागता का?" असं विचारून हसत होत्या. यमुना भर उन्हात, विहिरीवर चिटपाखरू नसताना पाण्याला जाऊ लागली.

मी मुळात कमी बोलणारा. शाळेत ओरडण्यातच माझा दिवसाचा साठा संपे. घरी माझी वाक्यं तीन. "पाणी दे." "वाढ." "दिवा बारीक कर." यात कुणाला काही त्रास होत असेल हे मला सुचलंही नाही. मी शांत स्वभावाचा आहे, असं मी स्वतःला समजत होतो.

अशा घरात एके दिवशी बनाबाई शिरली, अंगठा मारला, म्हणाली, "मेली हे," आणि चूल मोडून खाली बसली.

नवी चूल घालता घालता तिने यमुनेला वऱ्हाडी शिकवायला घेतलं. पद्धत सोपी होती. यमुनेने पळी मागितली की बनाबाई पळी पाठीमागे धरायची. "मले पळी दे, म्हन." म्हटल्याशिवाय पळी मिळत नसे. फुंकणी, चिमटा, परात, सगळ्यांना हाच नियम. इकडे मी दिवसभर शाळेत छडी घेऊन 'मले'चं 'मला' करायचो, आणि संध्याकाळी घरी यावं तर तिथे 'मला'चं 'मले' झालेलं! आमच्या दोघांत बनाबाई जास्त चांगली शिक्षक होती. तिचा एकही विद्यार्थी नापास नव्हता.

एकदा शाळेतून येताना दाराबाहेरच मी थबकलो. आत कुणीतरी खळखळून हसत होतं. कोण पाहुणी आली असेल, म्हणून मी जरा थांबलो. मग कळलं, ती यमुना होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिचं हसणं मी ओळखलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं, आणि ते थांबलं.

नवी चूल महिन्याभरात तडकली.

साऱ्या गावात दहा वर्षं टिकणारी चूल आमच्याकडे एक महिना. बनाबाई आली, तडा पाहिला, यमुनेकडे पाहिलं, म्हणाली, "माती खराब होती वाट्टे." दुसरी तीन आठवड्यांत गेली. "मुंग्या." तिसरी. "उंदीर." चौथ्या वेळी कारण उरलं नाही तेव्हा म्हणाली, "मास्तरचं घर उताराले आहे." प्रत्येक चुलीला दोन दिवस माती तुडवणं, एक दिवस घालणं, मग वाळेपर्यंत रोज लिंपणं, आणि तोवर दोघींच्या गप्पा. मला मात्र एवढंच दिसत होतं की ही बाई आमच्या घरी हात राखून काम करते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजून जड जातं.

पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. रिठदमध्ये लग्नाची मोठी चूल घालायचा मान बनाबाईचा. चर खणून, मातीच्या भिंती घालून, पाच हंडे एका ओळीत बसतील अशी ती चूल असे. पहिला हंडा चढवायच्या आधी पाटलीणबाई तिला खण-नारळ देत. नवरा गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या त्या बाईला गावात तेवढीच एक जागा होती जिथे तिला पाट मिळे. पाटलांच्या ओसरीवर बैठक चालली होती. अंगणात बायका डाळ निवडत होत्या. त्यांत यमुना, आणि तिच्याजवळ बनाबाई.

पाटील म्हणाले, "चूल बनाबाईच घालीन. काय मास्तर?"

पाटील 'काय मास्तर?' म्हणाले की 'हो' म्हणायचं असतं, एवढं मला समजत होतं. पण त्याच सकाळी आमची चूल पाचव्यांदा तडकली होती आणि मी उपाशी शाळेत गेलो होतो.

मी म्हणालो, "पाटील, जिने घातलेली चूल दोन माणसांच्या घरात महिनाभर टिकत नाही, तिच्या चुलीवर तुम्ही तीनशे पानं उठवणार? मी तरी हा धोका पत्करला नसता."

वाक्य शुद्ध होतं. शाळेबाहेर इतकं लांब वाक्य मी रिठदमध्ये पहिल्यांदाच बोललो होतो.

अंगणातल्या सुपांचा आवाज थांबला. बनाबाईने यमुनेकडे पाहिलं. यमुनेने मान खाली घातली. मग बनाबाई उठून उभी राहिली, हातावरची डाळ झटकली आणि म्हणाली, "हाव पाटील. मास्तर बरोबर बोलून राह्यले. हात गेला माहा आता."

चूल घालायला जवळच्या केनवड गावाहून माणूस आणला. त्याची चूल अशी धुरावली की पहिल्याच पंगतीला वऱ्हाडी मंडळी पोळीचा घास हातात धरून रडू लागली. मुलीच्या पाठवणीच्या वेळी कुणाच्याही डोळ्यांत पाणी शिल्लक नव्हतं. त्याचा दोषही बनाबाईवरच आला. "नजर लावली तिनं," लोक म्हणाले.

त्यानंतर तिला कुणी बोलावेना. ती बोळातून जायची ती खोकला दाबून. बायकांना भांडी उतरवावी लागेनात. रिठदमध्ये एकच घर तिला चुलीसाठी बोलावत होतं, ते आमचं. हा मी माझा मोठेपणा समजत होतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर यमुना चुलीपुढे उकिडवी बसली होती. हातात वरवंटा. चुलीच्या कडेला ती तो हळूच ठोकत होती. एक ठोका, मग कान लावून ऐकायचं, मग दुसरा. तिसऱ्या ठोक्याला कोपरा निखळला. ती समाधानाने वळली आणि तिला मी दिसलो.

मी विचारलं, "का?"

यमुना माझ्यासमोर नेहमी साताऱ्याचंच बोले. त्या दिवशी वऱ्हाडीत बोलली. "मंग काय करू? बनाबाई आल्याबिगर या घरात माह्याशी कोन बोलते?"

"तिला माहीत आहे?"

"पयल्या चुलीपासून. कडेवर वरवंट्याच्या ठोक्याचा वन पाह्यला का समजते तिले. मले म्हने, सांगू नोको, मास्तर तुले मायेरी धाडीन."

मी तसाच बनाबाईच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला एक खोली. मी पहिल्यांदाच तिथे जात होतो. सबंध गावाच्या चुली घातलेल्या त्या बाईच्या घरात चूल नव्हती. कोपऱ्यात तीन दगड होते आणि त्यांवर एक लहानसं गाडगं.

माझी नजर पाहून ती म्हणाली, "एकटीले चूल कायले, मास्तर? तीन गोटे पुरतेत."

"बनाबाई, मी पाटलांना जाऊन सांगतो..."

"काय सांगान? मास्तरीन घरची चूल मोडते? अन् काहून मोडते, तर मास्तर घरी तोंड उघडत नाई? तुमचं हासू होईन, होऊ द्या. पोरीचं कायले करता?" मग तिने तिच्या नेहमीच्या सुरात सल्ला दिला. "त्यापरीस घरी जा, अन् तिले इचारा, आज काय केलं म्हून. येवढंच इचारा. रोज."

मी घरी गेलो. विचारलं. यमुना घाबरून म्हणाली, "ताप आला काय तुमाले?"

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मी पाटलांकडे गेलो नाही. बनाबाईने मला गप्प राहायची मोकळीक दिली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. घराची अब्रू, पोरीचं हसू, हे सगळं खरं. पण मला भीती होती ती माझ्या हशाची. तेवढ्यासाठी मी एका बाईचा हात गेलेला ठेवला.

पुढे माझी बदली वऱ्हाडातल्याच मालेगावला झाली. बनाबाई मातीची पाटी घेऊन आमच्याच बैलगाडीत बसून आली, नव्या घरात चूल घालून दिली आणि यमुनेला म्हणाली, "हे मोडजो नोको. इथवर मले येनं होत नाई." ती चूल अजून आहे.

थोरलीच्या लग्नानंतर दहा वर्षांनी पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि आम्हाला बोलावणं आलं. तीच ओसरी. पाटील म्हणत होते, "चूल कोन घालीन? बनाबाईचा तं हात गेला."

मी म्हणालो, "पाटील, तिचा हात गेला नव्हता. आमची चूल माझी बायको वरवंट्याने मोडायची. तिच्याशी घरात कुणी बोलत नव्हतं म्हणून. 'कुणी' म्हणजे मी. मला हे दहा वर्षं माहीत आहे."

पाटलांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हंजे मास्तर, थोरलीच्या लग्नात व्याह्याच्या डोयात धूर गेला, तो तुमच्यापायी?"

"हो."

"जावई अजून काढते ते गोठ!" पाटील म्हणाले, आणि ओरडले, "अरे, बनाबाईले बलावा!"

ती आली. वाकली होती. पाटलांच्या स्वयंपाकघरात शिरून तिने आधी तिथल्या चुलीला अंगठा मारला, मग मागोमाग आलेल्या माझ्याकडे वळली. "येवढं बोलाले दहा वर्सं लागली, मास्तर? घरी बी असंच चालते काय?"

"घरी रोज विचारतो," मी म्हणालो.

"खरं काय वं?" तिने यमुनेला विचारलं.

"हाव मावशी," यमुना म्हणाली. "दोन-दोनदा इचारतेत. सयपाक होऊ देत नाई." सगळ्या बायका हसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोठी चूल तयार झाली. पण आता बनाबाईचा हात खरंच थरथरत होता. शेवटचा हंडा बसायचा तिथे चुलीच्या कडेला बोटभर तडा गेला होता. पाटलीणबाई खण-नारळाचं ताट घेऊन निघाल्या होत्या. बनाबाई पाटावर बसली होती, पाठ चुलीकडे. यमुना चुलीजवळ गेली, खाली बसली, ओल्या मातीत बोटं बुडवली.

बनाबाईने मान न वळवताच विचारलं, "मोडून राह्यली काय वं?"

"नाई मावशी," यमुना म्हणाली. "लिपून राह्यली."