व्हॉल्व्हसाहेबांची टाकी

जेवणाच्या टेबलावर चौदा महिन्यांपासून विमान उभं होतं आणि घरातली दोन माणसं ताट मांडीवर घेऊन पलंगावर जेवत होती. विमान तसं काही मोठं नव्हतं, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दीड मीटर. पण त्याच्याभोवतीचा संसार वाढला होता. पॉलिश पेपर, चिकटपट्ट्या, डिंकाच्या बाटल्या, स्क्रूंच्या डब्या, आणि इंधनाचा एक कॅन, ज्याचं झाकण कितीही आवळलं तरी घरभर एरंडेलाचा वास सुटायचाच.

विमान व्हॉल्व्हसाहेबांचं. चौतीस वर्षं त्यांनी शहराला पाणी सोडलं होतं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की तिसऱ्या मजल्यावरची बादली भरते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. निवृत्तीनंतर सोडायला पाणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी हे रिमोटवर उडणारं छोटं इंजिनवालं विमान घेतलं, आणि गेले वर्षभर ते घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या घड्याळजींच्या विमानावर मैदानात उडवायला शिकत होते. स्वतःचं विमान मात्र अजून टेबलावरून हललं नव्हतं.

सगळं अडलं होतं ते इंधनाच्या टाकीपाशी. आणि अडायचं काहीच कारण नव्हतं, कारण टाकी आणि नळी या विषयात आपल्याला कोणी शिकवावं असं व्हॉल्व्हसाहेबांना वाटत नव्हतं. सोबत आलेलं माहितीपत्रक त्यांनी न उघडता कपाटावर टाकलं.

"टाकी नेहमी उंचावर," त्यांनी बायकोला समजावलं. "इमारतीची कुठे असते? गच्चीवर. द्रव वरून खाली येतो, हा निसर्ग आहे."

त्यांनी टाकी विमानाच्या पाठीवर, इंजिनापेक्षा चांगली चार बोटं वर बसवली. मापही मूळ टाकीच्या दुप्पट घेतलं, कारण पुरवठा मध्येच तुटणं त्यांना चौतीस वर्षांत एकदाही सहन झालं नव्हतं. मग टाकी भरली आणि हात धुवायला गेले. परत येईपर्यंत निसर्गाने आपलं काम केलं होतं. इंधन वरून खाली आलं, इंजिनात शिरलं, इंजिन तुडुंब भरल्यावर बाहेर पडलं, टेबलावरून ओघळलं आणि लेकीच्या सासूबाईंनी स्वतः विणून पाठवलेल्या टेबलक्लॉथमध्ये मुरलं. इंजिनाचा पंखा तर बोटाने ढकलला तरी हलेना.

सिस्टरांनी टेबलक्लॉथ दोन बोटांत उचलला आणि काहीच बोलल्या नाहीत. सिस्टर म्हणजे व्हॉल्व्हसाहेबांची बायको. एकतीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे, आणि त्या गप्प बसल्या की भल्याभल्या सर्जनांना घाम फुटत असे. त्या आत गेल्या, हातोडी घेऊन आल्या आणि समोरच्या भिंतीत एक लांब खिळा ठोकला.

"रविवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "उडालं तर टेबल तुमचं. नाही उडालं तर विमान या खिळ्याला, आणि मी खुर्चीवर बसून जेवणार."

रविवारी मैदानावर हौशी मंडळींचं उड्डाण होतं. इथवर ठीक होतं; पण व्हॉल्व्हसाहेबांनी भरीस भर म्हणून आपल्या व्याह्यांनाही बोलावून ठेवलं होतं. व्याही निवृत्त शाळा तपासणीस. जगात कुठेही गेले तरी शेरा मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. लेकीच्या लग्नातही मांडवभर हिंडून "बैठकव्यवस्था समाधानकारक, सुधारणेस वाव" असं ते म्हणाले होते. आता विमान खिळ्याला लटकलं तर दर भेटीला ते त्याच्याकडे बघणार, मान हलवणार आणि काहीतरी म्हणणार, हे व्हॉल्व्हसाहेबांना आत्तापासूनच डोळ्यांसमोर दिसू लागलं.

नाइलाजाने ते घड्याळजींकडे गेले. घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून न काढताच सांगितलं की टाकी इंजिनाच्या कार्बोरेटरच्या बरोबरीने हवी, तसूभरही वर नको. सायलेन्सरकडून येणारी नळी तिच्यात हवा दाबते आणि इंधन पुढे जातं. गच्ची नसलेली टाकी व्हॉल्व्हसाहेबांना पटली नाही, पण त्यांनी ती विमानाच्या पोटात उतरवली, भोवती फोम भरला आणि नळ्या जोडायला घेतल्या.

तिथे त्यांना ती दिसली. टाकीच्या आत इंधन ओढणारी नळी चक्क मोकळी लोंबत होती, आणि तिच्या टोकाला एक पितळी गोळी. टाकी हलवली की गोळी आत टकटक वाजायची. लोंबती नळी पाहून त्यांच्यातला पाणीखात्याचा माणूस खवळला. असल्या ढिल्या जोडण्यांसाठी त्यांनी भल्याभल्या प्लंबरांना उन्हात उभं केलं होतं. त्यांनी नळी उपटून फेकली, तांब्याची आखूड पाइप वाकवून टाकीच्या तळाशी पुढच्या कोपऱ्यात पक्की बसवली आणि दोनदा हिसका देऊन पाहिली. हलली नाही. पितळी गोळी मात्र छान घडवलेली होती, मधोमध आरपार भोक होतं, म्हणून ती त्यांनी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवली.

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. शनिवारी अंगणात ते अखंड चार मिनिटं गुरगुरलं. व्हॉल्व्हसाहेबांनी खिळ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

रविवारी सकाळी व्याही पांढरीशुभ्र पँट घालून आले आणि घडीची खुर्ची उघडून पहिल्या रांगेत बसले. दहा-बारा विमानं, त्यांचे मालक, मालकांच्या कंटाळलेल्या बायका, असं सगळं मैदान जमलं होतं. इंजिन सुरू झालं. मग रिवाजाप्रमाणे घड्याळजींनी विमान हातात उचलून त्याचं नाक आभाळाकडे केलं. सोडण्यापूर्वी ही परीक्षा घेतातच. वर चढताना इंजिन दगा देणार असेल तर ते हातातच कळतं.

नाक वर झालं. दोन-तीन सेकंद आवाज टिकला, मग इंजिनाने आवंढा गिळल्यासारखं केलं आणि बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. आडवं धरलं की झकास, नाक वर केलं की बंद. चौथ्या खेपेला व्हॉल्व्हसाहेब इंधन कमी-जास्त करायची सुई पिळायला जवळ गेले, टाकीची नळी सटकली आणि इंधनाची पिचकारी थेट पहिल्या रांगेत गेली.

व्याह्यांनी आपल्या पँटकडे पाहिलं. "पूर्वतयारी अपुरी," ते म्हणाले.

व्हॉल्व्हसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा महिने त्यांनी एकेक फासळी घासून बसवली होती. कान लाल झाले, डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ते उगाच विमानाच्या पोटात वाकून बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या शेजारी कोणीतरी वाकलं. सिस्टर होत्या. त्यांनी न विचारता टाकी बाहेर काढली, उजेडात धरली, आडवी केली, उभी केली.

"अहो, ही नळी का बांधून टाकलीत?"

"पक्की बसवलीय."

"तेच विचारतेय. तुमची गच्चीवरची टाकी कधी कूस बदलते का? हे विमान बदलणार. पेशंट वळला की नळीने त्याच्याबरोबर वळायला नको? नाक वर झालं की सगळं इंधन मागे जातंय, आणि तुमची पाइप पुढच्या कोपऱ्यात हवा पितेय. आत काहीतरी वजन असेल ना आलेलं, नळीच्या टोकाला लावायला?"

व्हॉल्व्हसाहेबांची नजर आपोआप बायकोच्या पर्सकडे गेली. सिस्टरांनी ती नजर पकडली, पर्स उघडली आणि किल्ल्यांचं जुडगं बाहेर काढलं. नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या एका बघण्यात खिळा, टेबलक्लॉथ आणि चौदा महिने सगळं आलं.

पुढची दहा मिनिटं मैदान त्यांच्याभोवती गोळा झालं. घड्याळजींनी तांब्याची पाइप काढून टाकली आणि आपल्या पेटीतून मऊ नळी दिली. सिस्टरांनी ती टाकीला लावून मापली, नखं कापायच्या कात्रीने तिरकी नव्हे, सरळ कापली, टोकाला पितळी गोळी बसवली, आणि ती मागच्या भिंतीला टेकत नाही ना हे पाहिलं. मग टाकी कानाशी धरून चारी बाजूंना कलती केली. टक. टक. टक. टक.

"चला," त्या म्हणाल्या. "पेशंटला टेबलावरून हलवा."

या वेळी घड्याळजींनी नाक वर केलं, खाली केलं, विमान कुशीवर वळवलं. इंजिनाचा सूर जराही ढळला नाही. व्हॉल्व्हसाहेबांनी रिमोट छातीशी धरला. विमान गवतावरून धावलं, चाकं सुटली आणि ते असं सरळ चढत गेलं की व्याही खुर्चीतून उठून उभे राहिले.

घड्याळजींनी दहा मिनिटांनी उतरवायची खूण केली. व्हॉल्व्हसाहेबांनी मान हलवली. टाकी दुप्पट होती, आणि चालू पुरवठा बंद करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. विमानाने मैदानाला फेऱ्या घातल्या, गिरक्या घेतल्या, एक मोठी कोलांटी मारली. उलटं झालं तरी इंजिन गात होतं. बाकीची मंडळी आपापली विमानं खाली ठेवून बघत राहिली. तेवीस मिनिटांनी टाकी रिकामी झाली, पंखा थांबला आणि विमान अलगद तरंगत येऊन व्हॉल्व्हसाहेबांच्या बुटांपासून चार पावलांवर टेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हॉल्व्हसाहेबांनी आता डोळे लपवले नाहीत.

व्याही मान चोळत पुढे आले. सगळे शेऱ्याची वाट बघू लागले.

"उत्तम," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "गुण मात्र विहीणबाईंना."

टेबल जिंकलं होतं. पण जिंकलेल्या माणसाला मन मोठं करता येतं. सोमवारी व्हॉल्व्हसाहेबांनी सगळा पसारा स्वतः आवरला, विमान कपाटावर ठेवलं, टेबल लख्ख पुसलं आणि भाजी आणायला गेले. आज सिस्टरांना खुर्चीवर बसवून जेवायला वाढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

परत आले तेव्हा टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर ओळीने मैदानावरच्या मंडळींनी दुरुस्तीला धाडलेल्या पाच टाक्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर नंबर. एक घड्याळजींचीसुद्धा होती. वॉर्डातला जुना एप्रन सिस्टरांच्या अंगावर होता. भिंतीतल्या खिळ्याला नळ्यांची गुंडाळी होती.

व्हॉल्व्हसाहेबांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हळूच एक खुर्ची ओढली.

"हात लावू नका," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "भेटायची वेळ चार ते सहा."

व्हॉल्व्हसाहेबांनी खुर्ची परत आत सरकवली, दोन ताटं वाढली आणि पलंगावर बायकोसाठी जागा करून बसले.