मध्यभागी नसलेलं भोक

ध्वनिक्षेपक चाचणी कार्यालयाच्या तळमजल्यावर एक प्रमाण फळी उभी होती. पुरुषभर उंच, जाडजूड, ठोकली तरी हूं की चूं न करणारी. तिच्या भोकात पेटीविना नुसता स्पीकर बसवायचा, समोर मायक्रोफोन ठेवायचा आणि आवाजाचा आलेख काढायचा, हे काम चाचणीबाई एकोणीस वर्षं करत होत्या. थोरामोठ्यांचे आणि गरिबागुरिबांचे स्पीकर एकाच फळीवर. कोणी कुरकुर करायला जागा नको.

वार्षिक तपासणीला आलेल्या तपासनिसांनी मान तिरकी करून फळीकडे पाहिलं.

"भोक मध्यभागी नाही."

"नसतंच, साहेब. मुद्दाम बाजूला ठेवतात. मधोमध पाडलं, तर कडांवरून वळून येणारा आवाज सगळीकडून एकदमच येतो आणि मूळ आवाजाचा लचका तोडतो. तोही नेमका माणसाच्या बोलण्यातला."

"म्हणजे चूक हेतुपुरस्सर आहे," असं पुटपुटत तपासनिसांनी तसं लिहून घेतलं.

संचालकांना आवाजातलं ओ की ठो कळत नसे, पण शेऱ्यातलं सगळं कळे. त्यांनी बाईंना बोलावलं. "भोक सरकवून घ्या."

"भोक सरकत नाही, साहेब."

"प्रयत्न केलात का?"

सुतार आला. त्यानं जुनं भोक बुजवलं, मधोमध नवं पाडलं आणि हात झटकत विचारलं, "बाई, आधीच्यात काय वाईट होतं हो?"

"दिसायला वाईट होतं," बाई म्हणाल्या.

नव्या भोकावर पहिला स्पीकर आला तो कर्णेवाल्या काकांचा. काका घरामागच्या दोन खोल्यांत स्पीकर बनवत. कागदी शंकू चिकटवायचं नाजूक काम त्यांची सून करी. आलेखात मधोमध हा एवढा खड्डा पडला. काकांचं तोंड पांढरं झालं.

"खड्डा फळीचा आहे, काका. तुमचा स्पीकर सोन्यासारखा आहे."

"मग तसं लिहून द्या की, ताई."

"फळीला नापास करायचा रकानाच नाही."

महिनाअखेर झाडून सगळे स्पीकर नापास झाले. संचालक हरखले. "इतकी वर्षं सगळे पास होत होते, म्हणजे आपण झोपा काढत होतो!" खड्डा उत्पादकांनी स्वखर्चाने भरून आणावा, असं परिपत्रक निघालं.

काका हाडाचे कारागीर. जिथे खड्डा पडत होता, तिथे त्यांनी तेवढाच उंचवटा करून आणला. फळीवर आलेख कसा आखीव, सपाट! फळीवरून काढला की मात्र तोच स्पीकर नाकात बोले. साक्षात सर्दी. बाईंचा पेन प्रमाणपत्रावर अडखळला.

"करा सही," काका खाली बघत म्हणाले. "सून दोन महिने हातावर हात ठेवून बसलीय."

बाईंनी सही केली. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

बघता बघता चौक, शाळा, स्थानकं प्रमाणित नाकानं बोलू लागली. बाईंनी टिपण पाठवलं: आवाज नाकातून येतो, हे कानांना स्पष्ट कळतं. उत्तर आलं: "कान हे मान्यताप्राप्त उपकरण नाही. सदर कान चाचणीसाठी कार्यालयात जमा करावेत."

बाई चिवट. तिसऱ्या टिपणानंतर संचालक वैतागले. "ठीक आहे! जनतेकडून हरकती मागवू. एक जरी आली, तरी जुनं भोक परत."

सूचना अर्थातच नव्या स्पीकरवरून चौकाचौकांत दिली गेली. बाई स्वतः चौकात जाऊन उभ्या राहिल्या. "आवाँज सँदोष वाटत अँसल्यास पंधरा दिँवसांत लेखी कँळवावे..." लोक थबकले, ऐकलं, मान डोलावून पांगले. एकालाही कसं खटकलं नसेल? बाई दिवस मोजत राहिल्या.

सोळाव्या दिवशी हरकतींची पेटी उघडली. आत एकच पत्र होतं. बाईंनी ते फोडलं.

"आमच्या गल्लीत अजून एक जुना स्पीकर आहे. बाकी सगळीकडे छान ऐकू येतं, पण याच्यातून माणसं विचित्र बोलतात. कृपया तातडीने बदलावा."

संचालकांनी पत्रावर 'तत्काळ कार्यवाही' असा शेरा मारला आणि प्रामाणिक नागरिकाचं नाव पाहायला पान उलटलं. बाईंनीही वाकून पाहिलं.

खाली तुमची सही होती.