यागोदासाठी अठरा इंची

चाकांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं वुकाशिनचं ठाम मत होतं. पोस्टात कारकून, वय पन्नाशीकडे झुकलेलं, लग्नाचा पत्ता नाही. पण दारात दोन दारांची लाल स्पोर्ट्स गाडी! गाडी तिसऱ्या हातची असली, तरी तोरा पहिल्या मालकाचा होता.

ऑगस्टात व्हिएन्नाला गेलेली माणसं गावी येतात, आणि त्यांत यागोदा येते. ती त्याच्या वर्गातली, आता तिकडे नर्स. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. वुकाशिनला ती शाळेपासून आवडायची, आणि हे तिला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. यंदा तिच्या भाच्याच्या लग्नाला ती वुकाशिनच्या गाडीतून येणार होती. स्वतःहून म्हणाली होती! तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

"पंधरा इंची काढ, अठरा इंची घाल!" त्याने टायरवाल्या ओब्रादला फर्मावलं.

"घालतो. पण रिम मोठी घेतली की टायर तेवढा पातळ घ्यायचा. चाकाची उंची तीच राहायला हवी."

"पातळ? अरे, यागोदा बसणार आहे! तिला एक खड्डा लागता कामा नये. रिमही मोठी, टायरही जाड!"

"वर घासेल, राजा."

"मोजून बघ की!"

पट्टी काही सापडेना. मग ओब्रादने रकियाचा, म्हणजे गावठी फळांच्या दारूचा, पेला आणून टायर आणि पत्र्याच्या मधे धरला. अलगद बसला! खात्रीसाठी चारही चाकं मोजली. रिकाम्या पेल्याने मोजणं ओब्रादला अशुभ वाटायचं, त्यामुळे पेला दर वेळी भरलेला, आणि मोजून झालं की रिकामा करणं आलंच. चौथ्या चाकाला दोघांनाही अंतर ऐसपैस वाटू लागलं.

लग्नाच्या दिवशी रीतीप्रमाणे गाडीच्या आरशांना कशिद्याचे टॉवेल बांधून वुकाशिन दारात हजर. यागोदा निळ्या झग्यात बाहेर आली आणि तो हॉर्न वाजवायचाच विसरला. मागे तिची आई बसली, मांडीवर तीन थरांचा केक घेऊन. आई भरभक्कम. गाडी कण्हत खाली गेली.

"किती मऊ चालते रे!" यागोदा म्हणाली.

वुकाशिनला वाटलं, ही वाट संपूच नये.

वऱ्हाडातल्या सगळ्या गाड्या हॉर्न दाबून निघाल्या. पहिल्याच वळणावर मागून खर्र असा आवाज येऊ लागला, पण त्या गोंगाटात ऐकतो कोण? मागची गाडी जीव तोडून हॉर्न वाजवू लागली. वुकाशिन खूश! त्यानेही वाजवला. मागच्या गाडीने दिवे मारले, यानेही मारले.

"बघितलंस? किती जीव लावतात लोक मला!"

"वुकाशिन, धूर येतोय."

"कोणीतरी डुक्कर भाजत असेल."

"आपल्या चाकात?"

धडाम! टायर फुटला आणि केकचे तीन थर एक झाले.

वऱ्हाडाने वाटेत थांबायचं नसतं, म्हणून सगळे हात हलवत, हॉर्न वाजवत पुढे गेले. शेवटी बँडवाल्यांच्या गाडीने थोडा वेग कमी केला. त्यांच्याकडे एकच जागा होती, तिथे केकसकट आई चढली.

आता रस्त्यावर दोघंच उरली. इतक्या ऑगस्टांत मनात जुळवलेली सगळी वाक्यं वुकाशिनच्या डोक्यातून पसार झाली.

"टायर बसवलेस तेव्हा शेजारी कोणाला बसवून पाहिलं नाहीस?" यागोदाने हसत विचारलं.

"माझ्या शेजारी कोण असतं?"

ती हसायची थांबली.

"जाऊ नकोस ना परत," तो म्हणाला.

तिने त्याच्या कॉलरवरची काजळी झटकली. "रजा संपली रे. रविवारी बस आहे." मग फुटलेल्या टायरकडे बघून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात येईन. तोवर गाडी नीट कर."

सोमवारी वुकाशिन ओब्रादच्या दुकानात आला, तेव्हा गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावलेलं बटाट्यांचं पोतं होतं आणि मागे आणखी दोन.

"हे काय रे?"

"पुढे यागोदा, मागे तिची आई. आता मोज."

"अरे, ती कालच गेली ना! घाई कसली आहे?"

वुकाशिन पुढच्या पोत्याकडे वाकला. पट्टा फार आवळला होता, तो त्याने जरा सैल केला.