भानुदास सर आणि जिताड्याचं पाणी

भानुदास सर आमच्याकडे आले, की आधी पाणी मागत. एक घोट घेत, डोळे मिटून तो जिभेवर घोळवत आणि निकाल देत, "वैनी, बोअरचं दिसतंय, मचूळ आहे. याच्यात जिताड्याचं वीर्य अर्धवट हललं असतं."

आणि मी तांब्या घेऊन उभी! काय बोलावं अशा शेजाऱ्याशी?

सर तीर्थपुरीत प्राणिशास्त्र शिकवत. शेतकऱ्याचा पोरगा, पण शिकायला समुद्राकाठी गेला आणि तळ्यात पाळलेल्या जिताडा नावाच्या माशाच्या वीर्यावर उमेदीची वर्षं घालवून परत आला. कुठे समुद्र, कुठे आम्ही! पण एसटी असो की मयत, सरांचा विषय एकच. "नराच्या पोटात ते नुसतं पडून असतंय. बिलकुल हलत न्हाई. समुद्राचं पाणी लागलं, की मंग सुटतंय! पण काम जल्दी उरकावं लागतंय, लगेच दम संपतो." एकदा हे त्यांनी अक्षता पडत असताना नवरदेवाच्या कानात सांगितलं. जिताडा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, हे ऐकल्यापासून तर माझ्या सासूबाई त्यांना पाहिलं की देवघरात जाऊन बसत.

माणूस मात्र सच्चा. कॉलेजात एका पाहुण्यांनी त्यांच्या संशोधनाची तारीफ केली, तर हे भर सभेत उभे राहिले. "तसं काही न्हाई. निम्मं वीर्य उन्हानं खराब झाल्तं. वीर्याच्या बाबतीत आपण खोटं बोलत न्हाई." पाहुणे हार गळ्यात घेऊन खाली बसले.

त्यांच्या बायकोला, शोभाताईंना, मूलबाळ नव्हतं. राजूरच्या गणपतीला नवस बोलून झाला होता. गावातल्या बायका रोज नवा उपास सुचवत, आणि त्या बिचाऱ्या मुकाट्यानं करत.

माझ्या लेकाच्या बारशाला बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ या हातातून त्या हातात जाऊ लागलं. शोभाताईंनी हात पुढे केले, तशा सासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे शोभा. लेकुरवाळ्या बायांनीच घ्यावं."

शोभाताईंचे हात तसेच राहिले. मला सासूबाईंचा असा राग आला की सांगता सोय नाही.

बाहेर पुरुषांत घुगऱ्या खात बसलेले सर उठून थेट पाळण्याशी आले. "मावशी," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, "तिच्यात काही खोट न्हाई. माझं वीर्य मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यलंय. एक बी हलत न्हाई. त्याच्यापरीस जिताड्याचं बरं!"

घुगऱ्या चावायचा आवाजसुद्धा थांबला. हा मास्तर आता पुढचं समजावून सांगेल, या भीतीनं सासूबाईंनी बाळ चटकन शोभाताईंच्या हातात दिलं.

पुढे कितीतरी दिवस बाजारात लोक सरांना हसत होते. सर थांबून त्यांना जिताडा समजावून सांगत.

सासूबाई गेल्यानंतर एका दुपारी माझ्याबरोबर शेंगा सोलता सोलता शोभाताई म्हणाल्या, "जालन्याच्या डॉक्टरनं बारशाच्या आधीच आम्हा दोघांना सांगितल्तं. दोष माझ्यातच आहे. ह्यांचं सगळं बराबर होतं."



संध्याकाळी सर आले. पाणी मागितलं, घोट घेतला, डोळे मिटले. "आज गोडं आहे, वैनी. याच्यात बिलकुल हललं नसतं. आणि तुम्हाला तर माहीतच आहे, वीर्याच्या बाबतीत आपण खोटं बोलत न्हाई."

"माहीत आहे सर," मी म्हटलं आणि डोळे पुसायला तांब्या घेऊन आत गेले.