चनमल्लप्पांच्या गॅरेजातला झरा

सोलापुरात बघण्यासारख्या गोष्टी तीन, असं चनमल्लप्पा सांगत. सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला आणि तिसरी आता होणार होती, ती म्हणजे त्यांचं गॅरेज! मोटार अजून आलेली नव्हती. पण त्या काळी मोटार आज मागितली आणि उद्या दारात आली, असं नसे. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. चनमल्लप्पांनी सदुसष्ट साली फियाटचा नंबर लावला तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला पत्र आलं, की गाडी पाडव्याच्या सुमारास मिळेल. तोवर घरातला कंगवा त्यांची बायको रुद्राणीबाई एकट्याच वापरत होत्या.

चनमल्लप्पांचं चादरींचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण जरा राखून होता. घर अगदी गल्लीच्या तोंडाशी, तरी गल्लीत त्यांचं जाणंयेणं नव्हतं. कुणी शिडी मागायला आलं, की शिडी नेमकी त्याच दिवशी मोडलेली असे. गल्लीही त्यांना लांबूनच 'शेठ' म्हणे आणि पुढे निघून जाई. त्यांच्या मेव्हण्याची अँबॅसडर बार्शीत रस्त्यावरच उभी असायची आणि गावातला प्रत्येक नवरदेव तिला रेलून फोटो काढून घ्यायचा. हे बघून आल्यापासून चनमल्लप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं, आपल्या गाडीला गल्लीचा हात लागता कामा नये. तिनं उभं राहायचं ते आपल्याच भिंतीआड आणि आपल्याच कुलपात.

गॅरेज बांधायचं ठरलं घराशेजारच्या मोकळ्या अंगणात. त्या अंगणात रुद्राणीबाईंना पाण्याचा हौद हवा होता. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता, नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. पण चनमल्लप्पा म्हणाले, हौदाला काय घाई, एकदा गाडी आली की आपण कुठूनही पाणी आणू! बाई घागर उचलून नळाकडे वळल्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती.

मग सुरू झाली मोजमापं. गाडी तेरा फूट लांब आणि पाच फुटांना थोडी कमी रुंद, हे त्यांनी कुणाकडून तरी लिहून आणलं होतं. अंगणात खडूनं अख्खी फियाट काढली. तिच्यात दोन खुर्च्या पुढे आणि एक बाकडं मागे मांडलं. स्वतः चालकाच्या जागी बसले, मागच्या बाकड्यावर रुद्राणीबाईंना बसवलं आणि दार उघडून उतरायला किती जागा लागते याचा सराव सुरू झाला. शेजारच्या गिरिजाबाई कळशी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी कुंपणावरून विचारलं, कुठं निघालाव? रुद्राणीबाई म्हणाल्या, "सांगोल्यापतूर जाऊन येतो." गिरिजाबाईंनी हात हलवून निरोप दिला.

शेवटी अठरा बाय दहा असा आकडा ठरला. दोन फळ्यांचं सागवानी दार, गणपतीला कोनाडा, आणि गाडीला वारा लागावा म्हणून खिडकी. खिडकीला जाळी, म्हणजे वाऱ्याखेरीज कुणी आत यायला नको. एवढं बांधून झाल्यावर त्यांनी गैबीसाबना बोलावलं. गैबीसाब मालट्रकांचे जुने मिस्त्री, अर्धं आयुष्य त्यांनी गाडीखाली उताणं पडून काढलेलं. त्यांनी भिंती पाहिल्या, दार पाहिलं, जाळीसुद्धा पाहिली आणि विचारलं, "खड्डा किधर है शेठ?"

खड्डा कशाला?

"खाली उतरून गाडी बघायला. खड्डा नसंल तर ह्याला ग्यारेज नको म्हनू. गोठा म्हना."

गोठा हा शब्द चनमल्लप्पांच्या जिव्हारी लागला. दुसऱ्याच दिवशी ज्ञानबा गवंडी खड्डा खणायला लागला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि उभ्या माणसाच्या छातीइतका खोल. मुरूम कठीण होता, दोन दिवस पहार चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाच्या कोपऱ्यात खण्ण असा आवाज आला. ज्ञानबा म्हणाला, काळा दगड लागलाय, उद्या बघू, आणि हातपाय धुऊन घरी गेला.

पहाटे गिरणीचा भोंगा झाला आणि रुद्राणीबाईंची हाक आली. चनमल्लप्पा धावत गेले. खड्ड्याच्या तळातून बुडबुडे येत होते, आणि बघता बघता खड्डा अर्धा भरला! त्या वर्षी साठ-साठ हात विहिरी खणून लोकांच्या हाती धूळ लागत होती, आणि इथे पाचव्या फुटाला पाणी. ज्ञानबा आला तो पायताणं बाहेर काढूनच आत शिरला. हात जोडून म्हणाला, "मालक, झरा लागला की ओ."

तासाभरात गल्ली जमली. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं, कुणीतरी कोनाड्यात उदबत्ती लावली. झरा अर्ध्या तासात थांबला, पण खड्डा भरलेला होता, तो दुपारपर्यंत सगळ्यांनी उपसला. दुसऱ्या दिवशी थेंबही आला नाही, आणि चनमल्लप्पांना मनातून बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र भोंगा झाला आणि झरा हजर! मग लक्षात आलं, की झरा दिवसाआड येतो आणि भोंग्याला येतो. पुरुषमंडळींनी याचा फार खोल विचार केला. ज्ञानबाचं म्हणणं पडलं की झरा एक दिवस उपास धरतो. त्याच सुमारास गल्लीतले सगळे नळ ठार कोरडे पडले. पुरुष नगरपालिकेला शिव्या देत, आणि देवाच्या पाण्याची माणसाच्या पाण्याशी तुलना करत घागरी भरून नेत.

खरी गंमत पुढेच आहे. लोक चनमल्लप्पांना 'अण्णा' म्हणायला लागले. दुकानाकडे जाताना चार ठिकाणी चहाचा आग्रह व्हायचा. गिरिजाबाईंनी वाटीभर शेंगाचटणी पाठवली, कुणी कडक भाकरी पाठवली. एका म्हाताऱ्यानं तर पायाला हात लावला. चनमल्लप्पा ओशाळून 'अहो, अहो' म्हणाले खरे, पण पाय काही त्यांनी मागे घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते गल्लीतून हळू चालत होते.

एक काळजी मात्र पोखरत होती. पाडवा तीन आठवड्यांवर आला, आणि गॅरेजात पहाटेपासून घागरींची रांग. खड्डा बुजवायचं त्यांनी सहज बोलून पाहिलं, तर ज्ञानबानं कानावर हात ठेवले. पाण्याच्या तोंडात माती घालायची, अण्णा? चनमल्लप्पांनी विचार केला आणि त्यांना वाट सुचली. नळांना पुन्हा पाणी आलं, की झऱ्यावरची गर्दी आपोआप ओसरेल. आता आपण गल्लीतले मोठे माणूस आहोत, तेव्हा गल्लीच्या वतीनं आपणच नगरपालिकेला अर्ज करावा! फुलस्केप कागदावर झोकदार अर्ज लिहिला. गेले पंधरा दिवस आमच्या गल्लीत एकाही नळास थेंबभर पाणी नाही, तरी चौकशी व्हावी.

रुद्राणीबाई म्हणाल्या, "कशाला अर्ज? पाणी मिळतंय की."

"तुला सार्वजनिक कामातलं कळत नाही," चनमल्लप्पा म्हणाले.

चार दिवसांनी, नेमक्या पाणी येण्याच्या वेळी, नगरपालिकेचा फिटर कोंडीबा आला. हातात लोखंडी गज. गज जमिनीला टेकवायचा, त्याला कान लावायचा, दोन पावलं पुढे सरकायचं. असं करत तो गल्लीच्या शेवटापासून निघाला. चनमल्लप्पा मागोमाग चालत त्याला नगरपालिकेच्या कारभाराबद्दल चार शब्द सुनावत होते. कोंडीबा गल्लीच्या तोंडाशी आला, वळला, आणि सरळ गॅरेजात शिरला. बायकांची रांग बाजूला झाली. त्यानं खड्ड्यातल्या बुडबुड्यांकडे पाहिलं, काठावरच्या हळदकुंकवाकडे पाहिलं, ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं.

"मोठी लाइन फुटलीया," तो म्हणाला. "पहार लागली असंल कुनाची तरी. पूजा कुनी केली?"

दाराशी उभ्या असलेल्या ज्ञानबानं आपली पायताणं हळूच पायात घातली. चनमल्लप्पांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण ती आधीच दुभंगलेली होती आणि तिच्यातून नगरपालिकेचं पाणी येत होतं! आता गेलं सगळं. अण्णा गेलं, चहा गेला, शेंगाचटणी गेली. उद्या सगळी गल्ली आपल्याला हसणार, या विचारानं ते खरोखर रडायच्या बेताला आले.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. रुद्राणीबाईंना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. गिरिजाबाईंनाही नाही. रांगेतल्या कुठल्याच बाईला नाही.

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासनं," रुद्राणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पाण्याला नळाच्या पावडरीचा वास येतोय न्हवं का. आमी रोज भरतो पाणी, आमाला वास कळत न्हाय व्हय? सगळ्या बायकांना ठावं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला लोक अण्णा म्हणत होते. किती बरं दिसत होता तुमी."

कोंडीबाला या संसाराशी कर्तव्य नव्हतं. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, लाइन अंगणातून काढून रस्त्याच्या कडेनं न्यायची. दोन दिवसांचं काम, गॅरेज मोकळं, आणि नळ पहिल्यासारखे, करंगळीएवढे. दुसरी, फुटलंय तिथंच सांधायचं आणि तिथंच एक मोठा नळ बसवायचा. लाइनीच्या तोंडाशी जोर चांगला, गल्लीतल्या शेवटच्या घराचाही हंडा भरेल. "पर पाइप लई जुनाट हाय. वर गाडी चालायची न्हाय. मालकाची सही लागंल."

बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी गयावया केली नाही, कुणी अण्णाही म्हटलं नाही. चनमल्लप्पांनी सागवानी दाराकडे पाहिलं, जाळीच्या खिडकीकडे पाहिलं. सहा वर्षं वाट पाहिलेली गाडी त्यांना त्या अठरा बाय दहामध्ये उभी असलेली स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी कोंडीबाकडे पेन मागितलं. कुठे सही करायची ते दिसेना, तेव्हा कोंडीबानं बोट ठेवून दाखवलं.

पाडव्याला पहाटे भोंग्यालाच गाडी आली. पांढरीशुभ्र, आरशासारखी! गैबीसाब स्वतः चालवत घेऊन आले. गॅरेजात नळ धो धो वाहत होता, आणि गाडी उभी राहिली बाहेर, रस्त्यावर. गल्लीनं ओवाळलं, पेढे खाल्ले, आणि ज्याला जिथे जमेल तिथे त्यानं गाडीला हात लावून पाहिला. चनमल्लप्पा खिशात हात घालून बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं घेऊन बाहेर आले, तर बॉनेटवर भरलेला तांब्याचा हंडा! शेजारी गिरिजाबाई चुंबळ नीट करत निवांत उभ्या होत्या.

"गिरिजाबाई, गाडी आहे ती."

"ठावं हाय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "अण्णाची गाडी हाय म्हणून तर ठेवला. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर ठेवीन का मी?"

चनमल्लप्पांनी हंडा उचलून बाईंच्या डोक्यावर दिला, बॉनेटवर सांडलेलं पाणी पुसलं. मागे रुद्राणीबाई दुसरा हंडा घेऊन उभ्या होत्या. चनमल्लप्पांनी फडक्याची घडी केली, ती बॉनेटवर अंथरली आणि म्हणाले, "ठेव. नुसता ठेवू नको, ओरखडा पडतो."